उर्वशीला सोडून सगळ्यांना

चॉकलेटं वाटायचं काम माझ्याकडे होतं. दर शनिवारी घड्याळ लावून शंभर मीटरची चाचणी झाली, की भीमराज सर ट्रॅकपँटच्या खिशातून सोनेरी कागदातली चॉकलेटं काढायचे, माझ्या ओंजळीत ठेवायचे आणि म्हणायचे, "वाट रंजिता. उर्वशीले सोडून सगळ्यायले." उर्वशी म्हणजे सरांची मुलगी. एकुलती एक, सख्खी, नाकडोळ्यांनी थेट बापावर गेलेली.

माझा हात थरथरायचा, डोळ्यांत पाणी यायचं, असलं काही मी सांगणार नाही. मला ते काम आवडायचं. नऊ पोरांमधून सरांनी मला निवडलं होतं, आणि तांड्यावरून चार किलोमीटर सायकल हाणत येणाऱ्या पोरीला कुणी निवडण्याची सवय नव्हती. मी रांगेतून चालायचे, प्रत्येकाच्या ओल्या तळहातावर एकेक ठेवायचे आणि उर्वशीपाशी आले की पुढे सरकायचे. मग आम्ही सगळ्यांनी तिच्या समोर उभं राहून खायचं आणि रिकामे कागद तिच्या हातात द्यायचे, असा नियम होता. ती ते गोळा करून फाटकाजवळच्या डब्यात टाकून यायची. चॉकलेट फार चांगलं असायचं, हेही सांगून टाकते.

हे सगळं हॉलंडवरून आलं होतं.

पांढरकवड्यात ट्रक थांबतात, माणसं चहा पितात आणि हैदराबादकडे नाहीतर नागपूरकडे निघून जातात. अशा गावात एका शाळेमागे पंचवीस मीटरचा पोहण्याचा तलाव होता. संस्थेच्या अध्यक्षांनी कुठल्याशा मोठ्या शहरात पाहिला, हौसेने बांधला आणि फीत कापून विसरून गेले. बोअरचं पाणी, उन्हाळ्यात हिरवं. भीमराज सर त्या शाळेचे पीटीचे मास्तर. कबड्डी आणि खो-खो शिकवायला घेतलेला हा माणूस त्या तलावापाशी आला आणि तिथेच अडकला. पोहणं तो राळेगावकडच्या नदीत शिकला होता, बाकी सगळं पुस्तकांत आणि सायबर कॅफेत. त्यात त्याला हॉलंड सापडलं.

सरांकडे दोनशे पानी वही होती. तिच्यात हॉलंडच्या पोहणाऱ्यांचा सगळा इतिहास उतरवलेला. पाऊस असला की पाण्यात न उतरवता ते आम्हाला शेडखाली बसवून वही वाचून दाखवायचे. "हॉलंड म्हणजे आपल्या एका विभागाएवढा देश. पाव देश समुद्राच्या खाली. जिकडंतिकडं कालवे. म्हणून तिथं पोट्ट्याले चालता आलं का पोहाले शिकवते. कपडे घालून, बूट घालून. बुडू नाही म्हणून शिकवते, अन् त्यातूनच सोनं निघते." एकोणीसशे छत्तीसला बर्लिनच्या ऑलिम्पिकमध्ये बायकांच्या पोहण्याच्या पाच शर्यती होत्या, त्यातल्या चार हॉलंडच्या पोरींनी मारल्या. सिडनीला त्यांच्या एका बाईने आणि एका गड्याने मिळून पाच सुवर्णपदकं नेली. लंडनला जी पोरगी पन्नास आणि शंभर दोन्ही जिंकली, तिचे पूर्वज जावा बेटावरचे. तिचा फोटो सरांनी वहीत चिकटवला होता. तो दाखवताना त्यांचा आवाज बदलायचा. "पाह्य. आपल्यावानी सावळी हाये. पाण्याले रंग समजत नाही, जात समजत नाही. पाण्याले फक्त घड्याळ समजते."

गावात त्यांना हॉलंड सर म्हणायचे. तोंडावर आदराने, पाठीमागे हसून.

त्या वहीत दोन बायका सगळ्यात महत्त्वाच्या होत्या. एक मा ब्राउन नावाची शिक्षिका. तिने स्वतःच्या पोटच्या पोरीला शिकवलं आणि पोरीने अठ्ठावीस सालच्या ऑलिम्पिकमध्ये सोनं आणलं. दुसरी तिची शिष्या, री मास्तेनब्रुक, छत्तीस सालची. सतरा वर्षांची पोरगी, तीन सुवर्ण आणि एक रौप्य. चारशे मीटरच्या आधी काय झालं, ते सर दर वेळी उभं राहून सांगायचे. डेन्मार्कची एक जबरदस्त पोरगी तिच्या विरोधात होती. तिला कुणी चॉकलेटचा डबा भेट दिला. तिने तो सगळ्या पोरींना वाटला आणि रीला तेवढं दिलं नाही. रीच्या डोक्यात राग गेला. पाण्यात उतरली आणि शेवटच्या काही मीटरमध्ये त्या डेन्मार्कवालीला मागे टाकून जिंकली.

"एका चॉकलेटनं सोनं देलं," सर म्हणायचे. "न देलेल्या चॉकलेटनं."

गोष्ट ऐकून आम्ही टाळ्या वाजवायचो. दुसरा कुणी मास्तर असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण भीमराज सरांच्या हाताला लहानपणीच्या पंधरा ऑगस्टची आठवण चिकटलेली होती. गावच्या शाळेत झेंडावंदनानंतर पेढे वाटले. इतर पोरांच्या हातावर ठेवले, भीमराजच्या हातावर वरून टाकले. टाकलेला पेढा मातीत पडला आणि त्याने तो उचलला नाही. "त्या दिवशी जो राग आला ना, त्याच्यावर मी बारावी केली, बीपीएड केलं, नोकरी लागली. राग नसता तर ढोरं चारत बसलो असतो." अपमान म्हणजे डिझेल, असं त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. मग एके शनिवारी हॉलंडची गोष्ट आणि स्वतःची गोष्ट त्यांनी एकत्र केली, आणि ती उर्वशीवर लावली.

लागूही पडली, हीच तर पंचाईत. पहिल्या शनिवारी ती रडली. दुसऱ्या शनिवारी दात आवळून पाण्यात पडली आणि दीड सेकंद कमी वेळ घेतला. दोन वर्षांत एक मिनिट सोळा सेकंदांवरून एक मिनिट नऊवर आली. सर घड्याळ आमच्यासमोर नाचवायचे. "पाह्यलं? हे हॉलंड हाये!" जिंकल्यावर तरी तिला चॉकलेट मिळावं असं एकदा पायल म्हणाली. पायल आमच्या बॅचमधली सगळ्यात लहान. तिला सरांनी तलावाभोवती वीस फेऱ्या मारायला लावल्या.

चॉकलेटवरच थांबलं असतं तरी एक वेळ ठीक. पण अशा गोष्टीला हात लागला की माणूस वाढवतच नेतो. वाढदिवसाचा केक कापायचा उर्वशीने, खायचा सगळ्यांनी. शाळेच्या सहलीला सगळी बॅच, उर्वशी घरी. हिवाळ्यात कालव्याला पाणी सुटलं की सर आम्हाला तिथे न्यायचे, मा ब्राउनच्या पोरीही कालव्यात पोहायच्या म्हणून. प्रवाहाविरुद्ध पोहून आम्ही कुडकुडत बाहेर आलो की नलूकाकूंनी, म्हणजे उर्वशीच्या आईने, दिलेला थर्मास उघडायचा आणि सगळ्यांना चहा. उर्वशीला सोडून.

एकदा मी त्यांच्या घरी किकबोर्ड, म्हणजे पाय मारताना धरायची फळी, परत द्यायला गेले होते. दारातच थांबले, कारण आत भांडण चाललं होतं.

नलूकाकू म्हणत होत्या, "माह्या सासूले लोकायनं पंगतीत बसू देलं नाही. जलमभर ते सांगत रडली. अन् तुम्ही पोटच्या पोरीले घरातच पंगतीबाहेर बसवून राह्यले? कायले शिकले मग इतकं?"

"तो अपमान दुसऱ्यायनं केलता," सर शांतपणे म्हणाले. "हा मी करून राह्यलो. तिच्या भल्यासाठी. फरक हाये."

"तिले काय फरक हाये?"

मी किकबोर्ड पायरीवर ठेवून निघून आले.

आता उर्वशी माझी कोण होती ते सांगायला हवं, म्हणजे मी कोण आहे तेही कळेल. मी पहिल्यांदा तलावावर आले तेव्हा माझ्याकडे पोहण्याचा पोशाख नव्हता. मी सलवार-कुर्त्यात उडी मारणार होते. उर्वशीने तिचा जुना निळा पोशाख पिशवीतून काढला आणि कपडे बदलायच्या खोलीत माझ्या हातात कोंबला. "बाबाले नको सांगू. तुहाच हाये म्हणून सांग." तो घालून मी चार वर्षं पोहले. माझ्या याडीने, म्हणजे आईने, तो दोनदा शिवून दिला. उर्वशीचा डबा मी खायचे, माझी भाकरी ती खायची. गावच्या वळणापर्यंत आम्ही सायकली जोडीने चालवायचो आणि ती मला वहीतल्या हॉलंडच्या पोरींची नावं चुकीची म्हणून दाखवत हसवायची. शनिवार सोडून बाकी सहा दिवस आम्ही मैत्रिणी होतो. शनिवारी मी वाटप करायचे.

दहावीच्या वर्षी बातमी आली. पुण्याच्या एका निवासी प्रशिक्षण केंद्राने आमच्या विभागाला मुलींसाठी एक जागा दिली होती. विभागीय स्पर्धेत शंभर मीटर फ्रीस्टाइल जिंकेल तिला. राहणं, खाणं, शिक्षण, सगळं तिकडेच. एक जागा, एक खाट.

उर्वशीने मला वळणावर सायकल थांबवायला लावली. एवढी खूश मी तिला कधीच पाहिली नव्हती. "रंजू, मले पोहायचं नाही. मले जायचं हाये. तिथं बाबा नसन."

"अन् सर पाठवतीन तुले?"

"जिंकली तर पाठवाच लागन ना. पेपरात नाव येईन. नाही कसं म्हणतीन?" मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. "तुले बी पाह्यजे होतं ना?"

मला पाहिजेच होतं. माझे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे ते होळीला परत यायचे. त्या वर्षी याडीने सांगून ठेवलं होतं, परीक्षा झाली की पुढच्या खेपेला मी सोबत जायचं. माझी मोठी बहीण तशीच गेली आणि फडावरच तिचं लग्न जमलं. मला ती खाट पाहिजे होती, उर्वशीला पाहिजे होती तितकीच. फरक एवढाच की तिची वेळ एक मिनिट नऊ होती आणि माझी एक मिनिट दहा. "नाही गं," मी म्हणाले. "मले कायले? तूच जा."

आणि त्या रात्री मी पायलच्या आईची जिलेबी आठवत पडून राहिले.

ते असं झालं होतं. आदल्या वर्षी एका शनिवारी चाचणीच्या आधी पायलची आई डबा घेऊन आली होती. पायलच्या भावाचं बारसं झालेलं. सर ऑफिसात होते. त्या बाईला आमचे नियम ठाऊक नव्हते. तिने रांगेतल्या सगळ्यांना जिलेबी दिली आणि उर्वशीला स्वतःच्या हाताने भरवली. गालावरून हात फिरवला. त्या शनिवारी उर्वशी चार सेकंद मंद पोहली. सरांनी घड्याळ आपटलं, झोपेपासून जेवणापर्यंत सगळ्याची चौकशी केली, पण त्यांना कारण सापडलं नाही. मला सापडलं होतं. सरांनी तिला रागावर चालणारं यंत्र केलं होतं, आणि ते यंत्र कशाने बंद पडतं ते सरांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

ठरवून केलं मी. उगाच दोन मनं झाली, चुकून हात गेला, असं काही नाही.

विभागीय स्पर्धा त्या वर्षी यवतमाळलाच होती. सकाळच्या प्राथमिक फेरीत उर्वशी एक मिनिट आठ पूर्णांक सहामध्ये आली. सगळा तलाव तिच्याकडे पाहत होता. अकोल्याची एक चांगली पोरगी होती, तीही दोन सेकंद मागे. मी तिसरी. सर पांढरे कपडे घालून आले होते, वही काखेत. दुपारच्या अंतिम फेरीआधी त्यांनी आम्हाला झाडाखाली गोळा केलं. खिशातून चॉकलेटं काढली. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा मोठी होती.

"वाट रंजिता."

मी वाटली. उर्वशीला सोडून. तिने मान खाली घातली होती आणि तिचे जबडे हलत होते. सर समाधानाने तिच्याकडे पाहत होते, चुलीवरच्या दुधाकडे पाहावं तसे. सगळ्यांनी खाल्लं. मी माझं खाल्ल्यासारखं केलं आणि मुठीत ठेवलं.

कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. बाहेर अंतिम फेरीचा पुकारा झाला. मी मूठ उघडली. "हे घे. तुह्यासाठी ठेवलं."

तिने चॉकलेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ. मला वाटलं, नाही म्हणते की काय. मग तिने सावकाश कागद सोडला, चॉकलेट तोंडात ठेवलं आणि डोळे मिटून चघळत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. दोन्ही एकदम. कागद टाकायला तिथे डबा होता. तिने तो टाकला नाही. नीट चौकोनी घडी घातली आणि पोहायच्या टोपीच्या आत, कानावर खोचला.

"चाल," ती म्हणाली.

उडी मारायच्या ठोकळ्यावर उभी राहिली तेव्हाही ती हसत होती. सरांना ते पलीकडून दिसलं. त्यांचा चेहरा मी पाहिला. गॅसवर काहीतरी विसरून घराबाहेर पडलेल्या माणसाचा असतो तसा झाला होता. "उर्वशी!" ते ओरडले. "उर्वशी, इकडं पाह्य!" तेवढ्यात शिट्टी झाली.

शर्यतीचं फार काही सांगण्यासारखं नाही. शेतातल्या विहिरीत पोरी उन्हाळ्यात डुंबतात, तशी ती पोहली. सुंदर आणि बिनघाईची. मी तिच्या शेजारच्या लेनमध्ये होते. श्वास घ्यायला मान वळवली की मला तिचं तोंड दिसायचं. मी मात्र फडावरच्या उसाचा, कोयत्याचा, बहिणीच्या लग्नाचा सगळा राग हातापायांत आणला आणि आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ दिली. एक मिनिट नऊ पूर्णांक चार. अकोल्याची दुसरी. उर्वशी चौथी. सरांचं हॉलंड खरं ठरलं होतं, फक्त दुसऱ्याच पोरीवर.

सर आले तेव्हा उर्वशी काठावर बसली होती. तिने टोपी काढली आणि तो सोनेरी चौकोन ओल्या फरशीवर पडला. सरांनी उचलला. त्यांना समजायला क्षणभर लागला. मग ते आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहू लागले.

"कोणं देलं?"

माझी पाळी आली. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि गप्प राहिले. हे मला आजही सगळ्यात जास्त लागतं. देण्यापेक्षाही हे.

"कोणं नाही," उर्वशी म्हणाली. "मीच घेतलं. फाटकाजवळच्या दुकानातून."

सरांनी तिला मारलं नाही. ते कधीच मारत नसत, त्याचा त्यांना अभिमान होता. संध्याकाळी आम्ही पांढरकवड्याच्या बसमध्ये बसलो. बस अर्धी रिकामी होती. सरांनी स्वतःच्या शेजारच्या सीटवर बॅग ठेवली, त्यापुढच्या रिकाम्या सीटवर टॉवेलांची पिशवी ठेवली, आणि उर्वशीला म्हणाले, "उभी राह्य." सत्तर किलोमीटर ती दांडा धरून उभी होती. कंडक्टर म्हणाला, "पोरीले बसू द्या ना मास्तर, जागा हाये." सर म्हणाले, "तिले नाही हाये." मी खिडकीजवळ बसले होते, गळ्यात पदक. करंजीपर्यंत मी ते गळ्यातच ठेवलं, मग काढून खिशात टाकलं.

त्यानंतर सरांनी तिला पाण्यात उतरू दिलं नाही. दर शनिवारी तिने काठावर उभं राहून इतरांची वेळ घ्यायची. तिच्या जागी आता चॉकलेट कुणाला द्यायचं नाही, असं दुसरं पोर ते काही दिवस शोधत राहिले. पालकांनी पोरं काढून घेतली, आणि वर्षभरात तलाव कोरडा पडला. उर्वशीचं बारावीनंतर उमरखेडला लग्न झालं. मला पत्रिका आली नाही. येण्यासारखं काही होतं असंही नाही.

पुण्याला काय झालं म्हणाल, तर तिथे माझ्यापेक्षा वेगाने पोहणाऱ्या अकरा पोरी होत्या. मी कधी राज्याचं पदक आणलं नाही. एका चोरलेल्या खाटेवर पाच वर्षं झोपले, सर्टिफिकेट घेतलं आणि यवतमाळला एका तलावावर प्रशिक्षक म्हणून लागले. ऊस मात्र तोडावा लागला नाही. या सौद्यात मला मिळालं ते एवढंच, आणि खरं सांगायचं तर ते कमी नव्हतं. म्हणूनच पश्चात्तापाचं नाटक मला जमत नाही. कुणी चॉकलेट पुढे केलं तर मी घेत नाही, तेवढंच.

गेल्या एप्रिलमध्ये उन्हाळी वर्गाची नोंदणी चालू होती. शहरात दहा दिवसांनी नळ येत होता आणि आमच्या तलावावर पोरांची रांग लागली होती. मी टेबलाशी मान खाली घालून नावं लिहीत होते. समोर सात-आठ वर्षांची एक पोरगी येऊन उभी राहिली. तिचं नाक पाहिलं आणि माझा पेन थांबला.

"वळखलं का?" मागून उर्वशी म्हणाली.

ती जाड झाली होती. बरी दिसत होती. नवऱ्याची बदली यवतमाळला झाली, म्हणाली. मी खुर्ची दिली, चहा मागवला, नको तेवढं बोलले. सरांचं विचारलं.

"आमच्याजवळच राह्यते आता. आई गेली मागच्या वर्षी. त्यायले शुगर हाये. घरात काही गोड केलं का मी सगळ्यायले वाढतो, त्यायले सोडून." ती हसली. "डॉक्टरनंच सांगतलं. मी नाही."

मी हसले नाही. तिने मुलीच्या केसांवरून हात फिरवला. "हिले शिकव. मेडल-बिडल नको. बुडू नाही एवढं. कपड्यासकट शिकवते ना हॉलंडमधी, तसं."

"शिकवतो," मी म्हणाले. मग माझ्याच्याने राहवलं नाही. बारा वर्षं जे पोटात होतं ते तोंडाशी आलं. "उर्वशी, त्या दिवशीचं ते चॉकलेट—"

"माहीत हाये मले."

"नाही, ऐक. मी ते मुद्दाम—"

"हातात ठेवलं तवाच समजलं होतं, रंजू." तिच्या आवाजात राग नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं ती बोलत होती. "द्याचंच असतं तर दोन वर्षांत कधीबी देलं असतं. सायकलवर देलं असतं, वळणावर देलं असतं. कोण पाहत होतं तिथं? तू फायनलच्या पाच मिनिटं आधी देलं."

"मग खाल्लं काहून?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी फार येडपटासारखं विचारलं होतं.

"दोन वर्षांत आपल्यातल्या कोणं देलंच नव्हतं ना," ती म्हणाली. "मनात म्हटलं, खाट जाईन तर जाईन. आज आपल्याले देलं कोणं तरी."

चहा आला. तिने घेतला नाही, मीही नाही. मागच्या बाजूने पोरांचा गलका येत होता. बॅचमधल्या कुणाचा तरी वाढदिवस होता आणि त्याची आई काठावर पिशवी घेऊन उभी होती. मुलगी तिकडे पाहू लागली. उर्वशीने तिच्या पाठीवर हात ठेवला, पण जा म्हणाली नाही. उठताना ती टेबलावर वाकली आणि मुलीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "एक सांगतो. हिले चॉकलेट देशीन तर सगळ्यायसंगं दे. एकटीले नको देऊ."

मी हो म्हणाले. मग वही पुढे ओढली आणि मुलीला तिचं नाव विचारलं.